काळ्या पाषाणातली साक्ष

लोणारच्या काठावर उभं राहिलं की थोड्याच वेळात कुणीतरी गाइड खिशातून होकायंत्र काढतो. पायाजवळचा एखादा काळा दगड उचलतो, काट्याजवळ नेतो आणि काटा हलला की छाती फुगवून म्हणतो, "बघा साहेब, उल्केतलं लोखंड!" पर्यटक खूश होतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. मी गप्प बसतो, कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या. पण हाच प्रयोग मेहकरला एखाद्या विहिरीच्या मलब्यावर करा, नाहीतर पार पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी करा. दगड बरा मिळाला तर काटा तिथेही फिरेल. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइटचे बारीक कण जन्मापासूनच असतात. त्यांचा आकाशाशी काडीचाही संबंध नाही.

माझी उभी हयात भूजलाच्या कामात गेली. बुलढाणा-वाशीम-अकोल्याकडच्या गावांत विहीर कुठे घ्यायची, बोअर किती खोल न्यायची, गेल्या वर्षी लागलेलं पाणी यंदा का आटलं, हेच बघत फिरलो. या भागात कुठेही खणा, थोड्याफार फरकाने तेच निघतं. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांचा मांजऱ्या, मग सब्बल उडवून लावणारा काळा पाषाण. तो संपला की कधी वीतभर, कधी हातभर तांबड्या गेरूचा पट्टा, आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, त्याच्या अंगावर माती धरली, मग त्या मातीवर पुढचा लाव्हा आला. मधल्या मधे भाजलेली ती माती म्हणजे गेरू. लोणारच्या परिसरात अशा थरांची एकूण जाडी सहा-सातशे मीटर भरते.

नेमका या थरांच्या चळतीवर एक अशनी येऊन आदळला. माणसांची दिशाभूलच करायची असती तर याहून सोयीची जागा सापडली नसती. जिकडे बघावं तिकडे ज्वालामुखीचा दगड आणि मधोमध गोल, खोल खड्डा. कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? ज्वालामुखीचं तोंड. दीडशे वर्षं शहाणी माणसं हेच म्हणत होती, आणि त्यांना नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

आधी खड्ड्याची मापं सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. काठापासून समोरच्या काठापर्यंत साधारण १.८३ किलोमीटर. काठावरून तळापर्यंत उतार सुमारे दीडशे मीटरचा. बाहेरच्या शेतांच्या पातळीपेक्षा काठ वीसेक मीटर उंच. हा उंचवटा महत्त्वाचा आहे, पण गावाकडून येताना तो नुसता एक हलका चढ वाटतो आणि लक्षातच येत नाही. तळाशी खाऱ्या पाण्याचं उथळ तळं, आणि त्या पाण्याखाली शंभरेक मीटर गाळ. म्हणजे आज दिसतो तो खड्डा बराचसा बुजलेला आहे. मूळ खड्डा याहून कितीतरी खोल होता, आणि त्याच्याही बुडाशी ठेचलेल्या, भुगा झालेल्या खडकाचा जाड थर होता.

हे ठिकाण काही गोऱ्या साहेबांनी शोधून काढलं नाही. लोणासुराची कथा पुराणात आहे, दैत्यसूदनाचं देऊळ गावात शेकडो वर्षं उभं आहे, आणि अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त इथल्या क्षारांची नोंद आहे. काच आणि साबण बनवायला हे क्षार चालत. स्थानिक कथेचा एक भाग मला विशेष आवडतो. विष्णूने दैत्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून लावलं आणि ते दूर एका टेकडीवर जाऊन पडलं, असं लोक सांगतात. खड्ड्यातलं काहीतरी उडून बाहेर पडलं, एवढं कथाकाराच्या नजरेतून सुटलं नव्हतं. विद्वानांना ते मान्य व्हायला बराच वेळ लागला.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारबद्दल लिहिलं, आणि तिथून भूवैज्ञानिकांची ये-जा सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्डसारख्यांनी जो तर्क मांडला तो आजही वाचावा असा आहे. आसपास अशी नदी नाही, असा उतार नाही की पाण्याने एवढा गोल खड्डा कोरावा. मग उरतो तो ज्वालामुखीचा स्फोट. पुढे कुणी म्हणालं, खाली पोकळी होती, तिचं छत ढासळलं. कुणी म्हणालं, वाफ कोंडली आणि फुटली. या सगळ्यांत एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या डोंगरांतून उसळला नाही, भेगांतून पसरला. शिवाय तो साडेसहा कोटी वर्षांचा. त्या वेळचं एखादं तोंड इतक्या पावसाळ्यांनंतर असं धडधाकट उरलंच नसतं. म्हणजे लाव्हा थांबल्यावर कोट्यवधी वर्षांनी, आजूबाजूला ज्वालामुखीची कसलीही हालचाल नसताना, हा एकच स्फोट इथे का व्हावा? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

इथे अमेरिकेत डोकावायला हवं, कारण लोणारचा निकाल ॲरिझोनातल्या एका खड्ड्यामुळे लांबला आणि त्याच खड्ड्यामुळे मार्गीही लागला. तो खड्डा सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद, उघड्या माळरानावर, आणि त्याच्या भोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला फार मोठा माणूस १८९१ मध्ये तिथे गेला. त्याने दोन कसोट्या ठरवल्या. आकाशातून आलेला लोखंडाचा गोळा खाली पुरलेला असेल तर चुंबकीय सुई त्याची चाहूल देईल. आणि त्या गोळ्याने जागा व्यापली असेल तर काठावर फेकलेला मालमसाला खड्ड्यात मावणार नाही, थोडा उरेल. त्याने दोन्ही मोजलं. सुई हलली नाही, माल उरला नाही. तेव्हा हा वाफेचा स्फोट, असा त्याने निर्वाळा दिला. १८९६ मध्ये हे सगळं लिहिताना त्याने तशाच आणखी एका खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि तो होता आपला लोणार. दोघांचं साम्य त्याने अचूक हेरलं, निदान मात्र हुकलं.

हुकलं ते वेगाच्या हिशेबात. अशनी पृथ्वीला धडकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर असू शकतो. म्हणजे लोणारहून मुंबई अर्ध्या मिनिटाच्या आत. त्या वेगाने आलेला साठ-शंभर मीटरचा दगड जमिनीत रुतून बसत नाही. त्याची सगळी ऊर्जा डोळ्याचं पातं लवायच्या आत खडकात उतरते, दगड स्वतः वितळतो, त्याची वाफ होते, आणि दाबाची एक लाट खालच्या खडकातून चहूबाजूंना धावते. खड्डा खणते ती ही लाट, अशनीचं अंग नव्हे. म्हणूनच अशनी तिरपा आला तरी खड्डा गोल होतो, आणि म्हणूनच खड्ड्यात अशनी शोधून सापडत नाही. लोणारचा दगड पूर्वेकडून तिरपा आला असावा, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. तरी काठ जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे. सगळा खेळ काही सेकंदांत आटोपला असणार. एक साधी विहीर खणायला आमच्याकडे दोन-दोन उन्हाळे जात.

मग अशनीचं लोखंड मिळत नसेल तर पुरावा कशाचा? खडकाने सोसलेल्या दाबाचा. १९६० मध्ये चाओ आणि शूमेकर या भूवैज्ञानिकांना ॲरिझोनाच्या खड्ड्यातल्या वालुकाश्मात कोएसाइट सापडलं. गारगोटीतलं क्वार्ट्झ प्रचंड दाबाखाली दडपलं की त्याचं कोएसाइट होतं. भूपृष्ठावर ते बनवण्याइतका दाब कुठल्याही वाफेच्या स्फोटात नसतो. ॲरिझोनाचा वाद तिथे मिटला.

लोणारची खरी पंचाईत इथे होती. ही कसोटी इथे चालेना, कारण बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. मांजऱ्याच्या भोकांत गारगोटीचे खडे दिसतात, पण ते मागाहून झिरपलेल्या पाण्याने भरलेले. जगभर खड्डे ओळखण्याचं हुकमी हत्यार हातात आलं आणि ते आपल्याच दगडावर बोथट निघालं. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ या दोघांनी लोणार अशनीचाच खड्डा असावा, असा लेख लिहिला. त्यांनी शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, आणि ते ठेवणंच रास्त होतं.

तुम्ही लोणारला गेलात तर देवळांच्या आणि तळ्याच्या आधी भिंतीकडे बघा, एवढी माझी विनंती आहे. ईशान्येच्या बाजूला धार आहे, तिथून खाली उतरायची वाट आहे. उतरताना डाव्या-उजव्या हाताला लाव्ह्याचे थर उघडे पडलेले दिसतात. काळा पाषाण, गेरूची तांबूस रेघ, पुन्हा मांजऱ्या. विहिरीत दिसतात तसेच. फरक एवढाच की विहिरीत ते आडवे असतात, जमिनीशी समांतर. दख्खनमध्ये शेकडो किलोमीटर चाला, थर असेच जवळपास सपाट मिळतील. इथे काठाजवळ आलात की तेच थर खड्ड्यापासून बाहेरच्या दिशेने कललेले दिसतात, कुठे पंधरा अंश, कुठे पंचवीस. आणि काही ठिकाणी अगदी माथ्यावर थरांचा क्रमच उलटा झालेला आहे, खालचा वर आणि वरचा खाली. अंथरलेल्या गोधडीची कड आतून वर उचलून बाहेर दुमडावी तसं.

मी पहिल्यांदा हे नीट पाहिलं तेव्हा बराच वेळ एकाच गेरूच्या रेघेवर हात ठेवून उभा होतो. हयातभर गेरूचा पट्टा आडवाच बघायची सवय. बोअरच्या मलब्यात तांबडं पाणी आलं की आम्ही खोली लिहून घेत असू, कारण शेजारच्या शेतातही तो साधारण त्याच खोलीला यायचा. इथे तोच पट्टा माझ्या डोळ्यांसमोर आभाळाकडे वळला होता. पोकळीचं छत ढासळलं असतं तर थर आत झुकले असते. हे बाहेर उलटले आहेत. म्हणजे ढासळण्याचा सिद्धान्त या भिंतीनेच निकालात काढला.

पण भिंत फक्त एवढंच सांगते की इथे स्फोट झाला. तो आकाशातल्या दगडाने केला की जमिनीतल्या वाफेने, हे ती सांगत नाही.

ते सांगितलं तळ्याखालच्या दगडाने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तळाच्या गाळातून भोकं पाडली, गाळ संपून ठेचलेल्या खडकात उतरली आणि गाभे वर काढले. काठावरही चर खणले. त्या नमुन्यांवर अमेरिकेचे फ्रेडरिकसन आणि मिल्टन, आणि आपल्याकडचे दुबे आणि बालसुंदरम यांनी मिळून काम केलं. त्यांचा निबंध १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. शीर्षकात प्रश्नचिन्ह नव्हतं.

त्यांना सापडलं होतं मॅस्केलिनाइट. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज भरपूर असतं, लांबट पट्ट्यांच्या रूपात. दगडाचा कागदाहून पातळ काप काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली, दोन ध्रुवक आडवे-उभे लावून पाहिलं, तर या पट्ट्यांवर काळ्या-पांढऱ्या रेघा दिसतात, आणि काप फिरवला की काळ्याच्या पांढऱ्या अन् पांढऱ्याच्या काळ्या होतात. भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा हे पाठ असतं. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला लोणारचा काप बघायला मिळाला. पट्ट्यांचा आकार तोच, कडा तशाच सरळ, कोपरे तसेच टोकदार. पण रेघा गायब. काप कितीही फिरवा, पट्टी काळी ती काळीच. स्फटिकाची बाह्य आकृती जशीच्या तशी राहिली होती आणि आतली सगळी रचना मोडून त्याची काच झाली होती. वितळून झाली असती तर आकृती उरली नसती, घरंगळून गेली असती. वितळायला वेळच न देता, नुसत्या दाबाने, क्षणात हे घडतं. त्याला लागणारा दाब ढोबळमानाने तीन लाख वातावरणांइतका. पृथ्वीच्या कवचाच्या तळाशी, तीस-पस्तीस किलोमीटर खोलीवर, दाब असतो दहा हजार वातावरणांच्या घरात. ज्वालामुखीचा स्फोट या आकड्यांच्या आसपासही फिरकत नाही. मॅस्केलिनाइट सापडलं की ज्वालामुखीची बाजू संपली.

या खनिजाची जन्मकथा मला अजूनही थक्क करते. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीत सकाळच्या वेळी आकाशातून पाचेक किलोचा एक दगड पडला. त्याचा तुकडा व्हिएन्नाला गेला. तिथे गुस्ताव चेर्माक यांनी १८७२ मध्ये त्यात ही काच झालेली पट्टी पहिल्यांदा ओळखली आणि ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिन यांचं नाव तिला दिलं. शेरघाटीचा तो दगड बेसाल्टच होता, आपल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ. तो आला कुठून? हे कळायला आणखी शंभरावर वर्षं लागली. अंटार्क्टिकाच्या बर्फात त्याच जातीचा एक अशनी मिळाला, त्यातल्या काचेत वायूचे बुडबुडे अडकलेले होते, आणि १९८३ मध्ये तो वायू वायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. म्हणजे शेरघाटीचा दगड मंगळाचा. तिकडे कुठला तरी अशनी मंगळाच्या बेसाल्टवर आदळला, त्या दणक्याने प्लॅजिओक्लेजची काच झाली, दगड उडाला, अवकाशात भटकला आणि बिहारच्या शेतात पडला. त्याच्यामुळे ओळख पटलेल्या खनिजाने एक शतकानंतर बुलढाणा जिल्ह्यातल्या खड्ड्याची ओळख पटवली.

काठावरच्या चरांत मिळालेला माल वेगळा होता. तिथे दगड खरोखर वितळून उडालेला होता. अशी काच मी हातात घेऊन पाहिली आहे. काळी कुळकुळीत, बोराएवढी, वजनाने अंदाजापेक्षा हलकी. एका अंगाला चकाकी, दुसऱ्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं. आत फेसाळलेली आणि थंड होताना तशीच गोठलेली. मोडलेली कड बोटाला लागते. याशिवाय डोळ्यांना न दिसणारे, केसाच्या जाडीचे काचेचे गोळेही मातीत मिळतात. काही गोळ्यांत नेहमीच्या बेसाल्टपेक्षा निकेल जास्त आढळतं. आकाशातून आलेल्या दगडाचा जो काही अंश मागे राहिला, तो बहुधा एवढाच. गाइडच्या होकायंत्राला तो हलवणार नाही. आणखी एक, ही काच खिशात घालून घरी आणू नका. एक तर ते अभयारण्य आहे, दुसरं म्हणजे जागेवरून उचललेला तुकडा अभ्यासाच्या दृष्टीने मातीमोल होतो.

१९७३ च्या त्या निबंधात आणखी एक गोष्ट होती. अपोलोचे यात्री नुकतेच चंद्रावरून दगड घेऊन परतले होते. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना आपण ससा म्हणतो, तेही बेसाल्टचेच. त्यावर कोट्यवधी वर्षं अशनींचा मारा होत आला आहे. लोणारचा ठेचलेला खडक आणि काचेचे गोळे चंद्राच्या नमुन्यांशी मिळतेजुळते निघाले. पृथ्वीवरचे बहुतेक ओळखीचे खड्डे वालुकाश्मात, चुनखडीत किंवा ग्रॅनाइटसारख्या खडकात आहेत. चंद्र आणि मंगळ यांच्या मैदानांत मात्र खाली लाव्हा. तिथल्या खड्ड्यात काय घडलं असेल, हे पायी चालत जाऊन बघायचं असेल तर लोणारला यावं लागतं. मंगळाभोवती फिरणारी यानं अवरक्त किरणांतून खडक ओळखतात, पण दाबाने मोडलेला बेसाल्ट त्या किरणांत कसा दिसतो, हे आधी माहीत असायला हवं. ते तपासायला अमेरिकेतल्या अभ्यासकांनी लोणारचे नमुने नेले. मंगळावरच्या एका खड्ड्याला लोणार हे नाव अधिकृतपणे दिलेलंही आहे.

लोणारच्या फलकांवर, माहितीपत्रकांत 'बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर' असं छापलेलं असतं. १९७३ मध्ये ते खरं होतं. त्यानंतर ब्राझीलच्या दक्षिणेला वार्जेआओ आणि विस्ता अलेग्रे हे दोन मोठे खड्डे लाव्ह्याच्या थरांत सापडले. ते बरेच जुने, झिजलेले. लोणारइतका ताजा आणि घाट शाबूत असलेला दुसरा नाही, हे मात्र खरं. एवढं पुरेसं नाही का? 'एकमेव' म्हणायचा सोस आपल्याला का असतो कोण जाणे.

ताजा म्हणजे किती, यावर मात्र अजून भांडण आहे, आणि ते मला सगळ्यात रंजक वाटतं. १९९७ मध्ये काचेच्या नमुन्यांवर तापदीप्तीची पद्धत वापरून सुमारे ५२,००० वर्षं हे वय काढलं गेलं. माती-खडकातल्या किरणोत्साराने काचेत साठलेली ऊर्जा तापवल्यावर मंद उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड मोजायचा आणि वर्षांचा हिशेब लावायचा. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या पद्धतीने दुसरं वय आलं, सुमारे ५,७०,००० वर्षं, सत्तेचाळीस हजार इकडे-तिकडे. दोघांत दहापटीहून जास्त अंतर.

दोन्ही बाजूंची नस कळली तर हे भांडण समजतं. दगडात काळ जाईल तसा आर्गॉन साठत जातो. दगड वितळून काच होते तेव्हा हा जुना आर्गॉन निघून जायला हवा, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. पण लोणारचा मूळ दगड साडेसहा कोटी वर्षांचा. वितळण्याच्या त्या क्षणी थोडासा जुना आर्गॉन काचेत अडकून राहिला, तर वय फुगून दिसेल. उलट बाजूला, तापदीप्तीची काच वर्षानुवर्षं उन्हात तापली, तर साठलेली ऊर्जा गळून जाते आणि वय कमी दिसतं. आर्गॉनवाल्यांनी जुन्या वायूचा अंश वेगळा काढून हिशेब केला आहे, म्हणून माझा कल त्यांच्याकडे आहे. पण काठावर उभा राहिलो की मन कच खातं. विदर्भातल्या पावसाळ्यात पावणेसहा लाख वर्षं काढलेला उंचवटा इतका टवटवीत राहील? बाहेर फेकलेला माल काठापासून तेराशे मीटरपर्यंत अजून ओळखू येतो. पण उतार मंद आहे, माल खडबडीत आहे, पाणी त्यात वाहून जाण्याऐवजी मुरतं. कदाचित म्हणूनच टिकला असेल.

पाणी मुरतं म्हणालो, तो माझ्या धंद्याचा विषय. भिंतीतून निघणारी धार, रामगया, सीता न्हाणी हे सगळे झरे थरांच्या सांध्यांतून, मांजऱ्याच्या पट्ट्यांतून येतात. पाणी गोडं. तेच पाणी तळात उतरून अडकतं, कारण बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उडवतं, क्षार मागे ठेवतं, आणि हजारो वर्षांत पाण्याचा सामू दहाच्या वर जातो. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा किती फोन आले! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, मिठाच्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पाणी कमी, मीठ जास्त, ते फोफावले. पाऊस झाला, रंग गेला. वर्षाखेरीस तळ्याला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाल्याचं जाहीर झालं. यात अशनीचा हात एवढाच की त्याने पाण्याला बाहेर जायची वाट ठेवली नाही.

खड्ड्याच्या उत्तरेला पाऊण किलोमीटरच्या आत अंबर तळं आहे. त्याला छोटं लोणार म्हणतात. तीनेकशे मीटरचा उथळ गोल. मोठ्या अशनीचा एक तुकडा आधीच सुटला आणि त्याने हा खड्डा केला, असं बरीच वर्षं पुस्तकांत छापून येत होतं. पुढे काही अभ्यासकांनी ते नाकारलं, वाद चालू आहे. मागे एका व्याख्यानानंतर कॉलेजची पोरं माझ्याभोवती जमली आणि त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, मला काय वाटतं याला काय किंमत? गोल आहे, जवळ आहे, हे सगळं ब्लॅनफर्डच्या काळचं बोलणं झालं. तळाला भोक पाडा, गाभा काढा, काप करा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फिरवा. पट्टी काळीच राहिली तर मला बोलवा, मी स्वखर्चाने येईन.